परीक्षेचे माप

(श्रीमठाच्या वर्धापन-महोत्सवातील शिक्षक-पालक सभेत दिलेले व्याख्यान)

 

या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. वेदान्तावर बोलण्याचा मला अधिकार नाही आणि कीर्तनाची कला मला अवगत नाही. माझे सारे आयुष्य पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत मुलांना शिकविण्यात आणि त्यांच्या उत्तरपत्रिका तपासण्यात गेले. त्या तपासणीतून माझ्या हातून पुण्य किती घडले आणि पाप किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. म्हणून तोच विषय आज आपल्यापुढे मांडतो. शाळा मुलांना गुण देतात, वरच्या वर्गात चढवितात किंवा मागे ठेवितात. हे करताना त्या नेमके काय मोजतात, आणि मोजून झाल्यावर काय करतात?

आपण म्हणाल, हा प्रश्न शाळेच्या चार भिंतींतला. मठाच्या सभामंडपात त्याचे काय काम? परंतु निकालाच्या दिवसांत आपण देवळांच्या पायऱ्यांवर दृष्टी टाकावी. एका घरची माणसे पेढ्यांचा पुडा घेऊन येतात आणि गुणपत्रिका देवापुढे ठेवितात. दुसऱ्या घरची आई मुलाला घरीच ठेवून एकटी येते आणि खाली मान घालून परत जाते. ज्या कागदावरून एका घरी सण होतो आणि दुसऱ्या घरी सुतक पडते, तो कागद खरे बोलतो की नाही, हे पाहणे धर्माचेच काम आहे. तांदूळ मोजणाऱ्याने पायली खोटी ठेविली तर आपण त्याला पापी म्हणतो. मग मूल मोजणाऱ्याची पायली कोणी तपासावी?

आपल्या भागात हे माप कसकसे बदलत आले, ते प्रथम थोडक्यात पाहू. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज सत्तेखाली आले, म्हणून त्यांना नव्या काबिजादी म्हणतात. त्या काळी आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे गावचे शिक्षण शेणवीमामांच्या शाळेत, कोणाच्या ओसरीवर किंवा देवळाच्या आवारात चाले. धुळपाटीवर अक्षर गिरवावे, उजळणी मुखोद्गत करावी, मोडी वाचावी, हिशेब करावा. तेथे गुणपत्रिका नव्हती. पंतोजी प्रत्येक मुलाचा पाठ समोर बसवून म्हणवून घेत. आला तर पुढचा धडा, नाही आला तर तोच धडा पुन्हा. छडीचा जाच त्या शाळेत होता आणि बहुजनांच्या मुलांना व मुलींना तिच्यात फारसे स्थानही नव्हते, हे मी झाकून ठेवीत नाही. परंतु एक गोष्ट तिच्यात होती: मुलाला काय येते आणि काय येत नाही, हे शिकविणाऱ्याला त्याच दिवशी कळे.

पुढे सरकारी पोर्तुगीज शाळा आल्या. प्रिमेर ग्राव आणि सेगुंद ग्राव या प्राथमिक परीक्षा झाल्या. पणजीचे लायसियम १८५४ साली स्थापन झाले. तेथे माप वीस गुणांचे असे. दहा गुणांना विद्यार्थी उत्तीर्ण होई, आणि लेखी परीक्षेबरोबर तोंडी परीक्षाही द्यावी लागे. माप म्हणून त्यात वावगे काही नव्हते. तोंडी परीक्षेत तर परीक्षकाला मुलाचा विचार उमगण्याची अधिक संधी मिळते. पण ते सारे माप पोर्तुगीज भाषेत होते. घरी कोंकणी बोलणारा आणि देवळात मराठी पोथी ऐकणारा पेडण्याचा मुलगा शापोऱ्याचे पाणी ओलांडून परीक्षेला जाई, तेव्हा त्याच्या बुद्धीचे माप घेण्यापूर्वीच त्याच्या जिभेचे माप घेतले जाई. म्हणूनच कित्येक कुटुंबांनी दुसरी वाट धरली. मुले सावंतवाडीस, बेळगावास, मुंबईस गेली आणि मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला बसली. ज्या परीक्षेच्या १८५९ च्या पहिल्या तुकडीत रानडे आणि भांडारकर उत्तीर्ण झाले होते, तीच ही परीक्षा.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकरांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाटी आली नव्हती, त्या घरांत ती आली. एस. एस. सी.ची परीक्षा आपली मुले प्रथम महाराष्ट्राच्या मंडळामार्फत देत. पुढे १९७५ च्या कायद्याने गोवा, दमण व दीव यांचे स्वतंत्र शिक्षण मंडळ झाले. माप आता आपल्या हाती आले. माझ्यासारखे तरुण शिक्षक हातात लाल पेन्सिल घेऊन मोठ्या अभिमानाने मोजू लागले. आता माझी कथा ऐका.

१९७९ साल असावे. पेडणे तालुक्यातील एका शाळेत मी आठवीला भूगोल शिकवीत होतो. वार्षिक परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न होता : भरती-ओहोटी म्हणजे काय, ती कशामुळे होते? तेरेखोलच्या खाडीकाठी राहणाऱ्या, मासेमारीवर पोट असलेल्या घरातील एका मुलाने पाऊण पान उत्तर लिहिले होते. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. भरतीची वेळ दररोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. कोणत्या तिथीला जाळे केव्हा टाकावे आणि होडी केव्हा काढावी, हे सारे त्याने लिहिले होते. चंद्राच्या आकर्षणाचा मात्र उल्लेख नव्हता, आणि ओहोटी या शब्दाऐवजी सर्वत्र ‘सुकती’ हा आपल्या बोलीतला शब्द होता. मी प्रत्येक ‘सुकती’खाली लाल रेघ ओढली आणि पाचांपैकी एक गुण दिला.

भूगोलात त्याचे बत्तीस गुण झाले. पस्तीस हवे होते. गणितातही तो मागे होता. एका विषयात पडलेल्या मुलाला वर चढविण्याचा त्या शाळेत रिवाज होता. दोन विषयांत पडलेल्याला नव्हता. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो आला नाही. मीही चौकशी केली नाही, कारण अशी मुले दर वर्षी गळत आणि आम्ही त्याला निकाल म्हणत असू.

त्यानंतर दहा-बारा वर्षांनी एका संध्याकाळी मी केरीच्या धक्क्यावर तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत उभा होतो. पाणी पार ओसरले होते आणि बोट पलीकडे थांबून होती. जवळच जाळे नीट करीत बसलेला एक तरुण उठला, त्याने मला ओळखले आणि नमस्कार केला. म्हणाला, “सर, आज अमावास्या. सुकती मोठी. बोटीला अजून तासभर लागेल.” मग क्षणभर थांबला आणि स्वतःशीच चुकल्यासारखा होऊन म्हणाला, “ओहोटी, सर. ओहोटी मोठी.”

बोट तासाभरानेच आली. त्या तासात मी मनातल्या मनात ते पाऊण पान पुन्हा तपासले. त्याने लिहिलेली एकही गोष्ट खोटी नव्हती. उधाण आणि भांग यांची नावे पाठ्यपुस्तकात होती. त्यांचा अनुभव वर्गात त्या एकट्यालाच होता. कारण त्याला सांगता आले नव्हते, हेही खरे; म्हणून पाचांपैकी पाच गुण मी आजही देणार नाही. पण चार द्यायला हवे होते. ते दिले असते तर भूगोलाचे पस्तीस झाले असते आणि तो नववीत गेला असता. त्याच्या आयुष्याचे पुढे काय झाले असते हे मी सांगू शकत नाही. तो आपल्या धंद्यात सुखी दिसला आणि त्याने माझ्याविषयी कडू शब्द काढला नाही. मला टोचले ते निराळेच. जे त्याला येत होते ते मी त्याला कधी सांगितले नाही, आणि जे येत नव्हते तेही सांगितले नाही. फक्त बत्तीस हा आकडा सांगितला. आणि त्या आकड्यातून इतक्या वर्षांनंतर त्याच्याजवळ उरले ते एवढेच की, त्याच्या आईचा शब्द चुकीचा आहे.

बंधुभगिनींनो, हा दोष एका शिक्षकाचा आहे असे म्हणून आपण सुटू शकत नाही. अमेरिकेत १९१३ साली स्टार्च आणि एलियट या दोन संशोधकांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडे तपासण्यास पाठविली. शंभरांपैकी कोणी अठ्ठावीस गुण दिले, तर कोणी नव्वदीच्याही पुढे गेले. भूमितीसारख्या विषयात ही दशा, मग भाषा आणि इतिहास यांत काय असेल? चीनच्या जुन्या राजसेवा-परीक्षांत तर उमेदवाराचे हस्ताक्षर परीक्षकाने ओळखू नये म्हणून उत्तरपत्रिका लेखकांकडून नव्याने उतरवून घेत. पक्षपाताचे भय त्यांना इतके होते. परंतु हस्ताक्षर झाकले म्हणून परीक्षकाचे मन झाकले जात नाही. आपल्याला जे उत्तर अपेक्षित आहे तेवढेच खरे, हा जो मनाचा पक्षपात, तो नकलेनेही जात नाही.

त्यावर उपाय आहेत आणि ते खर्चाचे नाहीत. तपासण्यास बसण्यापूर्वी शिक्षकाने प्रत्येक प्रश्नाचे मुद्दे आणि त्यांचे गुण लिहून काढावे, आणि निराळ्या पण खऱ्या उत्तराला किती गुण, हेही आधीच ठरवावे. एका मुलाचा सारा पेपर सलग तपासण्याऐवजी सर्व मुलांचा पहिला प्रश्न, मग सर्वांचा दुसरा, असे तपासावे, म्हणजे एका उत्तराची छाया दुसऱ्यावर पडत नाही. नाव न पाहता तपासावे. आणि काठावर राहिलेल्या प्रत्येक मुलाची उत्तरपत्रिका दुसऱ्या शिक्षकाने पाहिल्याशिवाय निकाल लावू नये. मी हे शिकलो, पण खाडीकाठच्या त्या मुलाच्या उपयोगी पडण्याइतक्या लवकर नव्हे.

आता नाण्याची दुसरी बाजू. ती न सांगितली तर मी परीक्षेचा शत्रू ठरेन, आणि तसा मी नाही.

वर्षाच्या शेवटी एकच परीक्षा आणि तिच्यावर सारे भवितव्य, हे बरे नव्हे, ही गोष्ट आपल्या देशातील विचारवंतांनी फार पूर्वी ओळखली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने आकड्यांच्या गुणांऐवजी श्रेणी द्याव्या आणि वर्षभराच्या कामाची नोंद ठेवावी असे सुचविले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानेही तीच दिशा दाखविली. पुढे २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला मागे ठेवू नये, त्याचे मूल्यमापन मात्र सातत्याने व सर्वांगांनी करावे, असे ठरले. त्या मूल्यमापनाचे दोन भाग सांगितले जातात : आकारिक आणि संकलित. मूल शिकत असतानाच त्याचे कुठे अडते हे पाहून शिकविणे बदलावे, ते आकारिक. ठराविक काळाच्या शेवटी एकंदर किती साधले ते पाहावे, ते संकलित. गृहिणी भात शिजत असता एक शीत दाबून पाहते, ते पहिले. पंगतीत जेवणाऱ्याचे मत, ते दुसरे. शीत दाबून पाहिले आणि जाळ कमीजास्त केलाच नाही, तर पाहण्याला अर्थ काय?

आणि नेमके तेच घडले. निवृत्तीनंतर, २०१६ च्या सुमारास, डिचोली तालुक्यातील खाणींच्या पट्ट्यात एका गावी मी काही दिवस संध्याकाळचा वाचनवर्ग घेत असे. सहावीतील एक मुलगी आली. तिच्या प्रगतिपत्रकावर भाषेची श्रेणी चांगली होती. मी तिच्यापुढे दुसरीचे पुस्तक उघडले. तिने चित्राकडे पाहून एक वाक्य रचून म्हटले. छापलेले वाक्य निराळेच होते. बोट ठेवून वाच म्हटल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आले. चार-पाच वर्षे ती वरच्या वर्गात जात राहिली होती, आणि दर वर्षी कोणी ना कोणी शिक्षकाने तिच्या रकान्यात एक बरे अक्षर लिहिले होते. त्यांपैकी कोणीही दुष्ट नव्हता. प्रत्येकाने तिच्यावर दया केली होती. परंतु त्या दयेपायी तिला वाचता येत नाही ही गोष्ट तिच्या आईबापांपासून लपून राहिली.

मी खाडीकाठच्या मुलाला खोटे कमी मोजले. या मुलीला कोणी खोटे जास्त मोजले. एक ज्ञान असून मागे राहिला, दुसरी ज्ञान नसून पुढे गेली. वरवर पाहता या दोन उलट गोष्टी दिसतात. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच उणीव आहे : मूल आणि शिक्षक यांच्यामध्ये आकडा किंवा अक्षर येऊन बसले, आणि बोलणे थांबले.

२०१९ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली. पाचवीच्या आणि आठवीच्या अखेरीस परीक्षा, त्यांत न उतरलेल्या मुलाला जादा शिकवणी, दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा, आणि तीतही न उतरल्यास मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. २०२४ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने त्याप्रमाणे आपले नियमही प्रसिद्ध केले. काही पालक म्हणतात, छान झाले, आता धाक बसेल. काही म्हणतात, मुले पुन्हा गळतील. मी दोन्ही पक्षांना नम्रपणे सांगतो, आपण त्या मधल्या दोन महिन्यांकडे पाहा. नापास करणे हा उपचार नव्हे आणि पास करणे हाही उपचार नव्हे. वैद्याने ज्वर मोजला, आकडा लिहून दिला आणि तो निघून गेला, तर रोगी बरा होत नाही. त्या दोन महिन्यांत त्या मुलाजवळ कोण बसणार, त्याला काय शिकविणार, यावर त्या कायद्याचे यश अवलंबून आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मुलाचे समग्र प्रगतिपत्रक असावे असे म्हटले आहे, आणि त्यात मुलाने स्वतः व त्याच्या सोबत्यांनी केलेल्या मूल्यमापनालाही जागा सांगितली आहे. कल्पना उत्तम आहे. पण रकाने वाढले म्हणून डोळे वाढत नाहीत.

आणखी एक गोष्ट आपल्या काळाची. एके काळी मॅट्रिक होणारा गावात एखादाच असे. गेल्या काही वर्षांत आपल्या गोवा मंडळाचा दहावीचा निकाल नव्वद टक्क्यांच्या वर लागतो. याचा आनंदच आहे. परंतु त्याबरोबर एक नवीच शिवाशिव आली. ब्याण्णव टक्क्यांचा मुलगा शहाण्णववाल्यापुढे तोंड लपवितो. टक्क्यातील एक-दोन दशांशांवरून घरात अबोला धरला जातो. स्टार्च आणि एलियट यांच्या त्या प्रयोगाची आठवण ठेवा आणि मग सांगा, या दशांशांत मुलाची बुद्धी किती आणि परीक्षकाची लेखणी किती?

आपल्या भागाला सोहिरोबानाथ आंबिये यांचा वारसा आहे. पेडणे तालुक्यात विर्नोड्याचे शासकीय महाविद्यालय त्यांच्याच नावाने उभे आहे. नाथांना कोणती श्रेणी मिळाली होती, असे कोणी विचारीत नाही. पण याचा आधार घेऊन ‘परीक्षा हवीत कशाला’ असे म्हणणाऱ्यांना मी आठवण देतो की, नाथ बांद्याचे कुळकर्णी होते. कुळकर्ण्याचे दप्तर म्हणजे हिशेब, आणि हिशेब चुकला तर रयत नागवली जाते. अध्यात्मात आकड्याला मोल नसेल. व्यवहारात खरा आकडा हाच न्याय असतो. म्हणून माप टाकून देऊ नका. माप खरे ठेवा आणि ते कशाचे माप आहे हे विसरू नका. गुणपत्रिका एका दिवशी, एका कागदावर, एका भाषेत, काही प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचे माप सांगते. ती मुलाचे माप सांगत नाही.

आता मागणे. पालकांनो, प्रगतिपत्रक हाती आल्यावर ‘किती मिळाले’ आणि ‘शेजारच्याला किती’ हे दोन प्रश्न गिळून टाका आणि शिक्षकांना तीन प्रश्न विचारा : माझ्या मुलाला काय नीट येते? कुठे अडते? आणि पुढच्या महिन्यात शाळेने काय करायचे आणि मी घरी काय करायचे? या प्रश्नांची उत्तरे ज्या शिक्षकाजवळ आहेत, त्याने दिलेला कोणताही गुण स्वीकारा. आणि आठवड्यातून एकदा मुलाला आपल्यापुढे मोठ्याने वाचायला लावा. स्वतःला वाचता येत नसेल तरी चालेल. अडखळणे कानाला कळते.

शिक्षक-बंधूंनो, लाल रेघेजवळ एक वाक्य लिहा. त्या मुलाच्या कागदावर मी एवढेच लिहिले असते की, ‘तुझे निरीक्षण फार चांगले आहे, हे चंद्रामुळे का घडते, ते मला येऊन विचार,’ तर तो माझ्याकडे आला असता.

शेवटी श्रीमठाच्या चरणी एक विनंती. वर्धापनदिनी आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करितो. तो चालू राहावा. परंतु त्याच रांगेत, वर्षभरात सर्वांत अधिक अंतर चाललेल्या एका मुलालाही श्रीफळ द्यावे, मग त्याचे गुण चाळीस का असेनात. आणि महोत्सवाचे मांडव उतरल्यावर सभामंडपाचा एक कोपरा रोज संध्याकाळी तासभर, वाचताना अडखळणाऱ्या मुलांसाठी खुला ठेवावा. डिचोलीच्या त्या मुलीला पहिली ओळ स्वतः वाचण्यास पाच महिने लागले. त्या ओळीला शाळेच्या कोणत्याही रकान्यात जागा नव्हती. पण माझ्या सगळ्या नोकरीत मी पाहिलेला तो सर्वांत खरा निकाल होता.

 बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास क्षमा असावी, आणि मला गुण देताना आपण माझ्यापेक्षा उदार असावे, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.